होडी घ्यायच्या आधी उचलीचं बघ

प्रश्न असा आला आहे: "काका, मी ३१ वर्षांचा, पुण्यात एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. गाव मालवण तालुक्यात. वडिलांची आउटबोर्ड इंजिनाची फायबर होडी आहे, कांडाळी (मासा अडकवायची उभी जाळी) टाकतात; आता गुडघ्यांमुळे त्यांना जमत नाही. आई बाजारात मासळी घेऊन बसते. नोकरी सोडून गावी यावं आणि हाच धंदा नीट करावा असं मनात आहे. संसार चालेल का? मोठं इंजिन घेऊ का? एलईडी दिवे लावून मासळी पकडणाऱ्यांनी काही शिल्लक ठेवलंय का? सरकारी योजनांचा खरंच उपयोग होतो का? (इंजिनासाठी आणि जाळ्यांसाठी एक व्यापारी पैसे द्यायला तयार आहे. व्याज नको म्हणतो.)"

कंसातल्या वाक्यापासून सुरुवात करतो. बाकी सगळी उत्तरं त्या एका वाक्यावर अवलंबून आहेत, आणि तू ते इतकं सहज शेवटी टाकलंस की मला माझं २००४ साल आठवलं.

मी शिकलेला तज्ज्ञ नव्हे. पोरवयात बापाबरोबर रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढला, मग तीस वर्षं कांडाळी टाकली, मधली नऊ वर्षं गावच्या मच्छीमार सोसायटीचं दप्तर सांभाळलं. त्या दप्तरामुळे दुसऱ्यांचे हिशोबही डोळ्यांखालून गेले. त्या नऊ वर्षांत ज्या होड्या धंद्यातून गेल्या, त्यातल्या बऱ्याचशा मासळी मिळत नव्हती म्हणून गेल्या नाहीत. मासळी मिळत होती. ती दुसऱ्याची झालेली होती.

बिनव्याजी उचल म्हणजे काय ते नीट समजून घे. व्यापारी पैसे देतो, कागद करत नाही, मुदत ठरवत नाही. अट एकच, तीही तोंडी: पैसे फिटेपर्यंत माल माझ्याच गाडीत. ऐकायला रास्त वाटतं. आता पुढचं बघ. लिलावात तुझा माल जात नाही, त्यामुळे दर तो सांगतो. काटा त्याचा. पाण्याचं आणि बर्फाचं म्हणून पाटीमागे वजन तो कापतो. दर बहुतेक वेळा लगेच सांगतच नाही, गाडी पुढच्या बाजारात गेल्यावर दुसऱ्या दिवशी सांगतो. आणि मूळ रक्कम तशीच राहते, कारण फेडायला जे उरायला हवं ते त्या दरातूनच गेलेलं असतं.

व्याज कुठे गेलं ते आकड्यांत दाखवतो. आकडे हिशोबापुरते धर. एका फेरीची मासळी लिलावात बारा हजारांची झाली असती. पेट्रोल, बर्फ, खाणंपिणं मिळून खर्च तीन हजार. उरले नऊ. होडीवर तिघे जण, एक वाटा होडी-इंजिनाचा, एक वाटा जाळ्यांचा, असे पाच वाटे केले तर वाट्याला अठराशे येतात. (वाट्यांची पद्धत गावागावात वेगळी, तुझ्या वडिलांची कोणती ते त्यांना विचार.) आता तोच माल व्यापाऱ्याने दहा हजारांना घेतला. खर्च तेवढाच राहतो, तो कोणी कमी करत नाही. उरले सात. वाट्याला चौदाशे. दर सतरा टक्क्यांनी पडला, पण वाटा बावीस टक्क्यांनी पडला. असं प्रत्येक फेरीला. वर्षभराची बेरीज करून बघ आणि मग सांग, बँक महाग की तो.

मी २००४ मध्ये जाळ्यांसाठी अशीच उचल घेतली. फेडायला सात वर्षं लागली. खरं तर फेडली नसतीच, पण एका सप्टेंबरात बांगडा असा लागला की दोन आठवड्यांत हातात पैसे आले. मी रक्कम रुमालात बांधून त्याच्याकडे गेलो. तो माणूस पैशांना हात लावेना. म्हणाला, "राहू दे रे, घाई काय आहे? पोरीचं लग्न येईल, तेव्हा लागतील." चहा पाजला. मी तीनदा गेलो तेव्हा चौथ्यांदा घेतले. त्या दिवशी मला कळलं की त्याला पैसे परत नकोच होते.

आता त्याची दुसरी बाजू न सांगणं हा खोटेपणा होईल. तौक्ते वादळात, १६ मे २०२१ ला, माझी होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असूनही माडाखाली चेपली. पंचनामा झाला, कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत राहिले. पहिला फोन आला तो एका व्यापाऱ्याचाच. रात्री दोन वाजता बायकोला इस्पितळात न्यायचं झालं तर बँकेचं शटर उघडत नाही, त्याचं दार उघडतं. म्हणून गावात त्याला कोणी शिव्या देत नाही, मीही देत नाही. फक्त सांगतो: अडीअडचणीला हातउसने घे, ते पैसे ठरल्या तारखेला परत कर. धंद्याच्या भांडवलासाठी घेऊ नकोस.

मग भांडवल कुठून? इथे तुझा योजनांचा प्रश्न येतो.

मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून लागू आहे. व्याज सात टक्के, वेळेत फेडलं तर सवलतीनंतर चार टक्के पडतं. सवलतीच्या कर्जाची मर्यादा दोन लाख होती, ती पाच लाख करण्याची घोषणा २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झाली. हे खेळतं भांडवल आहे. पेट्रोल, बर्फ, जाळ्यांची डागडुजी यासाठी. बँकेचा माणूस पहिल्या फेरीला "मच्छीमारांचं इथे होत नाही" असं म्हणू शकतो. होतं. सोसायटीचं पत्र, होडीच्या नोंदणीचा आणि मासेमारी परवान्याचा कागद घेऊन जा, अर्ज दे, पोच घे. आमच्याकडे पोच न घेता परत येणारी माणसं फार.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली. वैयक्तिक लाभार्थ्याला सर्वसाधारण गटात चाळीस टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना साठ टक्के अनुदान. म्हणजे आईच्या नावाने अर्ज केलास तर सरळ वीस टक्क्यांचा फरक. बर्फपेटीवाली दुचाकी किंवा तीनचाकी या योजनेत बसते, आणि तुझ्या घराला इंजिनापेक्षा तिचीच गरज जास्त असेल. का ते पुढे सांगतो. एक ध्यानात ठेव: अनुदान आधी हातात पडत नाही. आधी आपण खर्च करायचा, मग तपासणी, मग पैसे. मधल्या काळात लोक उचल घेतात आणि अनुदान आलं तरी उचल राहते. त्या वर्षी कुठल्या घटकाला निधी आहे हे मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारून मगच कागद गोळा कर.

याच योजनेत अपघात विमा आहे, हप्ता सरकार भरतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, इस्पितळाच्या खर्चाला पंचवीस हजारांपर्यंत. नाव यादीत आहे का एवढं स्वतः जाऊन बघायचं. दप्तर सांभाळत असताना सगळ्यात जास्त वाईट वाटायचं ते याचं: माणूस गेल्यावर घरचे यायचे आणि नाव नसायचं, कारण आधारवरचं आणि सोसायटीतलं स्पेलिंग जुळत नव्हतं.

डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो तो डिझेलवर चालणाऱ्या यांत्रिक नौकांना. पेट्रोलच्या आउटबोर्डवाल्याने त्याची वाट बघू नये. एप्रिल २०२५ मध्ये राज्यात मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला, त्याने वीजदर, कर्ज, विमा यांत शेतीसारख्या सवलतींची वाट मोकळी झाली. चांगलंच झालं. पण त्यावर विसंबून राजीनामा देऊ नकोस.

आता संसाराचं. जून आणि जुलै, १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस बंदी. यांत्रिक होडीला समुद्रात जाता येत नाही. बिगरयांत्रिक होडीला बंदी नाही, पण त्या दिवसांत वल्ह्यावर समुद्रात जाणारा माणूस मला दाखव. ऑगस्टमध्ये बंदी उठते तरी नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र काही शांत होत नाही. पुढे वारं, वादळाचे इशारे, चांदण्या रात्री, इंजिनाची दुरुस्ती, गावची जत्रा, एखाद्याच्या घरचं सुतक. बारा महिन्यांतले निम्मे दिवसही होडी पाण्यात जात नाही असं धरून चाल. २०१९ मध्ये ऑक्टोबरच्या शेवटाला क्यार वादळ आलं, ते जातं न जातं तोच महा वादळ. हंगामातले मोलाचे दिवस होड्या किनाऱ्यावरच होत्या. असं वर्ष येतं. पगारासारखा महिन्याचा आकडा तुला मी देणार नाही, आणि कोणी दिला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

मासळीचंही तसंच. केरळात २०१२ मध्ये तारलीची उतराई, म्हणजे किनाऱ्यावर उतरलेला माल, सुमारे चार लाख टन होती, २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. तेवढी पडझड आपल्या बांगड्याची झाली नसली तरी स्वभाव तोच: एक वर्ष उतू जातं, पुढची दोन कोरडी. म्हणून एकाच जातीच्या जाळ्यांत सगळा पैसा घालू नये. बांगड्याची, सरंग्याची, कोळंबीची, मुडदुशांची अशी वेगवेगळ्या आसांची, म्हणजे जाळ्यातल्या भोकांची, थोडीथोडी जाळी असावीत. माझ्या बापाकडे सहा तऱ्हेची होती. तो म्हणायचा, "दर्यात जाणां सोपां, येवन हिसोब घालणां कठीण." हे वाक्य त्याने सगळ्यात आधी मला उचलीबद्दलच ऐकवलं होतं, मी ऐकलं नाही.

होडीवरची एक रात्र तुला आठवत असेल, तरी सांगतो, कारण तू लहानपणी गंमत म्हणून गेला असशील. आता हातांनी करायचं आहे. काळोख्या रात्री, अमावस्येच्या आगेमागे, संध्याकाळी निघायचं. पाण्याची ओढ बघून आडवं जाळं सोडायचं. एकजण बोयांची दोरी सोडतो, दुसरा शिशाची, दोन्ही एका लयीत गेल्या पाहिजेत. एक हात मागे राहिला तर तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, पिळतो आणि तेवढा तुकडा रात्रभर फुकट जातो. टोकाला लुकलुकणारा दिवा लावायचा. मग थांबायचं. कधी कधी पाणीच चमकायला लागतं, वल्हं बुडवलं तरी निळा उजेड. बघायला येणारे पर्यटक त्याचे फोटो काढतात, आम्ही कपाळाला हात लावतो. अशा पाण्यात जाळं भिंतीसारखं उजळतं आणि मासा वळून जातो.

मध्यरात्रीनंतर ओढायला घ्यायचं. बांगडा कल्ल्यापाशी आसात अडकलेला असतो. त्याला मागे खेचलास तर कल्ल्याची झाकणं आसात रुततात, मासाही फाटतो आणि तंगूसही. डोकं चिमटीत धरून, अंगठ्याने आस मागे सरकवत, पुढच्या बाजूने काढायचा. एक मासा म्हणजे दोन-तीन सेकंद. चार पाट्या बांगडा म्हणजे शेकड्यांनी वेळा तेच. बोटांच्या पेरांना चिरा पडतात, त्यात खारं पाणी आणि जेलीफिशची खाज. एखाद्या रात्री बांगड्याऐवजी केंड भरतात. तो मासा दातांनी जाळं कातरतो. वर आलं की जाळ्याला बुक्क्याएवढी भोकं आणि त्यात फुगलेला केंड बसलेला. दुसरा दिवस सगळा विणण्यात जातो, आणि त्या दिवसाचा वाटा कोणी देत नाही.

मोठ्या इंजिनाचं म्हणशील तर, नको. वडिलांचं आहे ते नीट कर. मोठं इंजिन घेतलं की माणूस लांब जातो, लांब गेला की पेट्रोल वाढतं, पेट्रोल वाढलं की मोकळ्या हाताने परत यायला जीव होत नाही आणि वारं दिसत असतानाही आणखी एक जाळं टाकलं जातं. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे त्याचा अंदाज येतो. बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली सगळं असतं. मोबाइलवर बघ, उपयोगी आहे. पण त्यातलं ठिकाण तुझ्या होडीच्या आवाक्यातलं असेल त्याच दिवशी जा. फायबरची लहान होडी लांबच्या मासळीसाठी नसतेच. तिचं बळ वेगळं: ती खर्चाला हलकी, जवळचं पाणी तिला पाठ, आणि दोन तासांत ताजा मासा किनाऱ्यावर. वाचलेल्या पैशांत लाइफ जॅकेटं घे, आणि ती अंगात घाल, खाली टाकून त्यावर बसू नकोस. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर होडीवर रंगवून ठेव.

ताज्या माशाचे पैसे होतात कुठे? तुझ्या आईच्या पाटीत. हे पुरुष कबूल करत नाहीत. होडीवरून उतरलेली सगळी मासळी लिलावात एका दराने जाते. त्यातली निवडक दोन पाट्या आईने बाजारात नेल्या तर तिला मोरीला किती, मुडदुशांना किती, आज गटारी आहे की संकष्टी, मुंबईची गाडी भरली की नाही, हे सगळं धरून दर काढता येतो. सोसायटीच्या दप्तरात होडीचं उत्पन्न लिहिलं जायचं, बायकांच्या विक्रीचं कधीच नाही. पण ज्या घरात बाई विकणारी होती ते घर बिनमासळीच्या महिन्यातही उभं राहायचं. नवऱ्याच्या होडीला मासळी नसेल तर ती दुसऱ्याच्या होडीची घेऊन बसते. मे महिन्यात खारवलेला बांगडा, सुकी सुंगटं (कोळंबी) तयार करते, पावसाळ्याच्या बेगमीला ती विकली जातात, आणि बंदीच्या दोन महिन्यांत घरात पैसा येतो तो तिथून.

म्हणून इंजिनाआधी बर्फपेटी. बांगडा उन्हात तापला की त्यात पित्त उठवणारा पदार्थ तयार होतो, आणि एकदा तयार झाला की शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याच्या अंगावर गांधी येतात आणि गिऱ्हाईक कायमचं तुटतं. मासळीएवढाच बर्फ, मासा-बर्फ-मासा असे थर, पेटी सावलीत, वर ओलं गोणपाट. पाणी खाली साठू द्यायचं नाही, भोक मोकळं ठेवायचं. एवढ्यावर आईला दुपारी दोन वाजता "घे गो, काय देतंस ता दी" म्हणत माल टाकावा लागत नाही, संध्याकाळपर्यंत थांबता येतं. थांबता येणं हाच धंद्यातला नफा. उचल घेतलेल्याला नेमकं तेच करता येत नाही.

तारकर्ली-देवबागपासून मालवणपर्यंत खानावळी झाल्यात, त्यांचा फायदा घे. दोन-तीन खानावळी धर, आठवड्याचा दर ठरव, ठरलेल्या दिवशी ठरलेला माल दे. त्यांना इसवण आणि सरंगाच लागतो, पण थोडं बोललास तर सौंदाळे आणि कर्लीही खपतात. खाणारा पुण्याचा असेल तर कर्लीचे काटे बघून पळतो ते सोड. उधारी आठवड्याच्या वर जाऊ द्यायची नाही. खानावळवाल्याकडचं येणं बुडण्याची जागा म्हणजे मे महिन्याचा शेवट.

होडीवर पर्यटक बसवायचा विचार येईलच. मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत, त्याला मेरीटाईम बोर्डाचे वेगळे कागद लागतात. आणि दिवाळी-नाताळात पर्यटक येतात तेव्हाच मासळीचाही हंगाम असतो. दोन्ही एका माणसाने करू नये. घरात दोघे भाऊ असाल तर एकाने ते करावं. आमच्या गावातली तरणी पोरं स्कुबाच्या होड्यांवर गेली, कारण तिथे रोजचा पैसा ठरलेला. त्यामुळे होडीवर तिसरा माणूस मिळणं हाच आता मोठा प्रश्न आहे. तुझा तिसरा माणूस कोण, हे ठरलंय का? तू लिहिलेलं नाहीस. वेंगुर्ल्यात स्वामिनी बचतगटाच्या बायकांनी मांडवीच्या खाडीत कांदळवनाची सफर सुरू केली, वल्ह्याच्या होडीतून. त्यांनी मासेमारी सोडली नाही, घरातल्या मोकळ्या हातांना काम काढलं. असं काही आईला-बायकोला जमणार असेल तर वेगळी गोष्ट.

एलईडीचं. होडीवर जनरेटर, त्यावर झगझगीत दिवे; उजेडाला मासळी जमते आणि पर्ससीनचं जाळं तिला घेरून तळातून आवळतं. काळोख्या रात्री आमच्या होडीवरून क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. जी मासळी काळोखात पसरून किनाऱ्याकडे यायची, ती तिथे गोळा होते. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ ला प्रकाशझोतातल्या मासेमारीवर बंदी घातली. राज्याने त्याआधीच ५ फेब्रुवारी २०१६ ला, सोमवंशी समितीच्या अहवालानंतर, पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत दिली आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचं ठरवलं. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात दंड इतका किरकोळ होता की पकडलेला हसत भरायचा. २०२१ च्या दुरुस्तीने एलईडीचा दंड पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत गेला. जानेवारी २०२५ पासून ड्रोनने पाळत सुरू झाली. कायदा आहे, ड्रोनही आहे. पण ड्रोनवर दिसलेली होडी समुद्रात जाऊन पकडायला गस्तीची बोट लागते, आणि परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरचा पाठलाग ती करू शकते का, हे तू रात्री किनाऱ्यावर बसून स्वतः बघ.

शिल्लक आहे का? आहे. कमी आहे, आणि अनिश्चित आहे. आणि सगळा दोष दिव्यांवर टाकून मी मोकळा होणार नाही. आमच्याही जाळ्यांचे आस गेल्या वीस वर्षांत बारीक झाले. रापणीतही बोटभर पिल्लं येतात, मी स्वतः ओढलीत आणि विकलीत. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली. सिल्व्हर पापलेटची, म्हणजे आपल्या सरंग्याची, १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी त्याला राज्यमासा केलं. तळहाताएवढा सरंगा लिलावात दिसला की पुकारणारा गप्प बसत नाही, आणि घेणाराही असतोच. वडिलांची बारीक आसाची जाळी असतील तर ती फाटली की पुन्हा तशी घेऊ नकोस. समुद्रात तुटलेला तुकडा दिसला तर उचलून आण, तो बेवारशी मासे मारत राहतो.

तर तू काय करावंस. नोकरी आत्ता सोडू नकोस. बिनपगारी रजा मिळते का बघ आणि सप्टेंबरच्या अमावस्येला धरून तीन आठवडे ये. वडिलांची होडी नको, दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जा, एका वाट्यावर. मालकाचा मुलगा म्हणून गेलास तर जाळं विणायला कोणी बसवणार नाही. रोजची वही ठेव: किती पेट्रोल, किती बर्फ, कोणती मासळी, लिलावाचा दर काय, आणि त्याच दिवशी बाजारात आईने कितीला विकली. हे शेवटचे दोन आकडे शेजारी शेजारी लिही.

आणि येण्याआधी एक फोन कर, वडिलांना नाही, आईला. व्यापाऱ्याने पैसे द्यायची तयारी दाखवली असं तू लिहिलंस. तो ओळख नसलेल्याला देत नाही. घरावर त्याची जुनी उचल आहे का, असेल तर किती आणि कधीपासून, एवढंच विचार. वडील सांगणार नाहीत. मीही माझ्या पोराला सांगितलं नव्हतं.